गाडीवान

तारीख 2 फेब्रुवारी 1905. रशियात त्या वेळी जुने पंचांग चालू होते, म्हणून इतर जगाच्या हिशेबाने ही तारीख तेरा दिवस पुढची धरावी लागते. मॉस्कोच्या रस्त्यांवर बर्फ साचले होते, रात्रीचे आठ वाजून गेले होते, आणि बोल्शोय नाट्यगृहात रेडक्रॉसच्या मदतीसाठी लावलेल्या खेळाला जाण्यासाठी ग्रँड ड्यूक सर्गेई अलेक्सांद्रोविच यांची घोडागाडी चौकात शिरत होती. गाडीच्या दिव्यांचा तो विशिष्ट पांढरा प्रकाश दुरूनच ओळखून एक सत्तावीस वर्षांचा तरुण अंधारातून धावत पुढे आला. त्याच्या हातात बाँब होता आणि तो हात उगारलेला होता. गाडीच्या काचेतून त्याला ग्रँड ड्यूक दिसले, त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी एलिझाबेथ दिसली, आणि ग्रँड ड्यूकांच्या भावाची दोन मुले, मारिया आणि दिमित्री, ही दिसली. त्याने हात खाली घेतला. गाडी पुढे निघून गेली.

त्या तरुणाचे नाव इव्हान कालियायेव. त्याचे सोबती त्याला ‘कवी’ म्हणत. समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या लढाऊ शाखेने ग्रँड ड्यूकांच्या वधाची कामगिरी त्याच्याकडे सोपवली होती, आणि ज्याचा वध करावयाचा तो मनुष्य काही निरपराध नव्हता. झार निकोलस याचा हा चुलता 1891 पासून 1905 च्या आरंभापर्यंत मॉस्कोचा गव्हर्नर-जनरल होता; त्याच वर्षी हजारो यहुदी कुटुंबांना मॉस्कोतून हुसकावून लावण्यात आले; 1896 साली झारच्या राज्यारोहणाच्या समारंभात खोदिन्का मैदानावर तेराशेंहून अधिक माणसे चेंगरून मेली, त्या बंदोबस्ताची जबाबदारी त्याच्या अंमलाखालची होती. कालियायेव त्या रात्री अलेक्सांद्र बागेत आपला सोबती बोरिस साविंकोव्ह याला भेटला आणि त्याने विचारले, मी केले ते बरोबर केले ना, लहान मुलांना मारता येते का? साविंकोव्हने त्याला मुळीच दोष दिला नाही. हा संवाद साविंकोव्हने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला. त्यातला आणखी एक तपशीलही लपवू नये: संघटनेने तसा निर्णय केला तर गाडी नाट्यगृहातून परत येताना, आत कोणीही असले तरी, आपण बाँब टाकू, असेही कालियायेव म्हणाला होता. साविंकोव्हने ते नाकारले.

विद्यार्थिदशेत हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा त्या खाली आलेल्या हातापुढे माझे मस्तक नम्र झाले, आणि ते आजही तसेच नम्र होते. ज्या चळवळीत असा एक हात निपजतो ती चळवळ केवळ रक्ताला चटावलेल्यांची असू शकत नाही, असे मला वाटे. पुष्कळ वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा वाचताना एक साधी गोष्ट लक्षात आली, आणि इतकी वर्षे ती आपल्याला दिसली नाही याची मला मनापासून लाज वाटली. घोडागाडी होती म्हणजे तिच्या पुढच्या बैठकीवर लगाम धरून एक गाडीवान बसलेला होता. मुले गाडीत नसती तर बाँब पडणार होता, आणि गाडीवान तेव्हाही आपल्या जागेवरच असणार होता. ‘लहान मुलांना मारता येते का’ हा प्रश्न कालियायेवला पडला. ‘गाडीवानाला मारता येते का’ हा प्रश्न त्याला पडला नाही, साविंकोव्हला पडला नाही, आणि वाचणाऱ्या मलाही पडला नाही.

दोनच दिवसांनी, 4 फेब्रुवारीला दुपारी, ग्रँड ड्यूक गाडीत एकटे होते. क्रेमलिनच्या आवारातच, निकोल्स्काया बुरुजाजवळ, कालियायेवने अवघ्या चार पावलांवरून बाँब फेकला. एलिझाबेथ धावत बाहेर आली आणि बर्फात गुडघे टेकून नवऱ्याच्या देहाचे तुकडे तिने स्वतःच्या हातांनी गोळा केले. जबर जखमी झालेला गाडीवान इस्पितळात होता. ती त्याला भेटायला गेली. थोड्याच दिवसांत तोही वारला. नंतर ती कोठडीत कालियायेवलाही भेटली आणि तिने त्याला एक लहानशी पवित्र प्रतिमा दिली. त्याने ती घेतली, मात्र या भेटीचा अर्थ सरकारने ‘अपराध्याला पश्चात्ताप झाला’ असा पसरवताच त्याने तिला कडक शब्दांत पत्र लिहिले. दयेचा अर्ज करण्यास त्याने नकार दिला. जो जीव घेतो त्याने आपला जीव दिला पाहिजे, तेव्हाच खाते मिटते, अशी त्याची श्रद्धा होती. आणि त्या श्रद्धेप्रमाणे मे महिन्यात श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात, जेथे अठरा वर्षांपूर्वी लेनिनचा थोरला भाऊ अलेक्सांद्र याला फाशी दिले होते तेथेच, तो फासावर गेला.

खाते खरोखरच मिटले का, हा या लेखाचा प्रश्न आहे. एका जीवाच्या बदल्यात एक जीव एवढाच हिशेब धरला तरी गाडीवानाचा जीव बाकी राहतो, आणि त्याच्यापुरते द्यावयाला कालियायेवजवळ दुसरा जीव नव्हता.

हा प्रश्न रशियन मनाला नवा नव्हता. क्रांतीच्या कितीतरी आधी, 1879 आणि 1880 या दोन वर्षांत मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘कारामाझोव्ह बंधू’ या कादंबरीत दोस्तोयव्हस्कीने तो ईश्वराविरुद्धच्या फिर्यादीच्या रूपाने मांडला आहे. इव्हान कारामाझोव्ह आपल्या धाकट्या, मठवासी भावाला एका भूदास पोराची हकीकत सांगतो: खेळताना त्याने मारलेला दगड मालक सेनापतीच्या लाडक्या कुत्र्याच्या पायाला लागला, म्हणून त्या आठ वर्षांच्या पोराला आईच्या देखत शिकारी कुत्र्यांच्या तोंडी दिले गेले. विश्वाच्या अंती सर्व विसंवाद मिटून परम सुसंवाद होणार असेल, आई त्या सेनापतीला मिठी मारणार असेल, तरी त्या सुसंवादाची किंमत या पोराच्या यातनेने चुकती होत असेल तर मला तो सुसंवाद नको, असे इव्हान म्हणतो. तो ईश्वराचे अस्तित्व नाकारत नाही. त्याच्या व्यवहाराची अट नाकारतो. भविष्यातल्या सुखासाठी वर्तमानातल्या एका बालकाला, त्याला न विचारता, खर्ची घालण्याचा अधिकार सृष्टिकर्त्यालाही नाही, एवढाच त्या फिर्यादीचा गाभा आहे, आणि ईश्वराविरुद्ध याहून गंभीर फिर्याद मानवाने आजवर केलेली मला ठाऊक नाही.

ही फिर्याद करणाऱ्या पिढीसमोरचा पुरावाही कल्पित नव्हता. 1861 पर्यंत जमीनदारांच्या मालकीची सुमारे सव्वादोन कोटी माणसे त्या देशात होती; त्यांना मुक्त करताना सरकारने वाट्याला आलेल्या जमिनीची किंमत त्यांच्याकडूनच एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करावयाचे ठरवले, म्हणजे अजून न जन्मलेल्या नातवाच्या नावाने कर्जरोखा लिहिला गेला. आणि ज्या धर्मसंस्थेने या माणसाच्या बाजूने उभे राहावयाचे तिचीच अवस्था काय होती? पीटर बादशहाने 1721 साली धर्मगुरूंचे स्वतंत्र पीठ मोडून ‘पवित्र सिनॉड’ नावाचे सरकारी खाते काढले. पुढच्याच वर्षी, पापनिवेदनात कोणी राजद्रोहाचा बेत बोलून दाखवला तर पाद्र्याने तो सरकारास कळवावा, असा हुकूम निघाला. ज्या कानापाशी माणूस ईश्वराशी बोलतो असे समजत होता तो कान दफ्तरात जोडला गेला. म्हणून 1905 च्या जानेवारीत, ग्रँड ड्यूकांच्या वधाआधी महिनाभराच्या आतच, फादर गॅपोनच्या मागे पवित्र प्रतिमा आणि झारच्या तसबिरी हाती धरून हिवाळी राजवाड्याकडे निघालेल्या कामगारांवर फौजेने गोळ्या झाडल्या, तेव्हा असंख्य लोकांच्या मनात झार आणि देव हे दोघे एकदमच कोसळले. रशियन निरीश्वरवादाचे हे मूळ ध्यानात न घेता त्याला केवळ उद्धटपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

देव तर गेला, पण इव्हानने ज्या अटीवर हरकत घेतली होती ती अट मात्र गेली नाही. ती नव्या चळवळीने, न वाचताच, सही करून स्वीकारली. 1880 च्या फेब्रुवारीत झारला मारण्यासाठी हिवाळी राजवाड्याखाली सुरुंग उडवण्यात आला. झार वाचला, पहाऱ्यावरचे अकरा शिपाई ठार झाले. पुढच्या वर्षी 1 मार्चला दुसरा अलेक्झांडर बाँबने मारला गेला तेव्हा पहिल्या बाँबच्या स्फोटात एक कोसॅक स्वार आणि कसायाच्या दुकानात कामाला असलेला, सहज रस्त्याने चाललेला एक पोरगा असे दोघे बळी पडले. शिपाई शेतकऱ्यांची मुले होती, पोरगा कष्टकऱ्यांचा होता. ज्यांच्या नावाने बाँब उडत होते त्यांच्याच घरचे हे मृत्यू, पण कोणत्याही बाजूच्या वहीत ते ठळकपणे मांडलेले आढळत नाहीत.

या सगळ्या गदारोळात एक माणूस मला वंदनीय वाटतो. व्लादिमिर सोलोव्योव्ह या अठ्ठावीस वर्षांच्या तत्त्वज्ञाने, मारेकऱ्यांचा खटला चालू असतानाच, पीटर्सबर्गमधल्या जाहीर व्याख्यानात, नव्या झारने आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांना ख्रिस्ताच्या नावाने जीवदान द्यावे, असे उघड सांगितले. टॉलस्टॉयनेही त्याच आशयाचे पत्र झारला लिहिले. सिनॉडचा मुख्य सरकारी अधिकारी पोबेदोनोस्त्सेव्ह याने असल्या दयेविरुद्ध झारचे मन वळवले, पाच जणांना फाशी झाली, आणि सोलोव्योव्हची अध्यापकी लवकरच संपली. खुनाचे समर्थन न करता खुन्याच्या जीवाची रदबदली करणारा हा आवाज दोन्ही बाजूंना नकोसा होता.

आपल्याकडे या प्रश्नाचा धागा एका घोडागाडीतूनच येतो, हा योगायोग माझ्या मनाला फार वर्षे चिकटून राहिला आहे. सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळवली आणि ती हिंदुस्थानात आली. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला इंग्रज न्यायाधीश किंग्जफर्ड याची समजून ज्या गाडीवर बाँब पडला तीत केनेडी आडनावाच्या मायलेकी होत्या, दोघीही मेल्या. त्या प्रकरणावर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मंडालेच्या त्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. कर्त्याची बुद्धी सम आणि शुद्ध असली की त्याला कर्माचा लेप लागत नाही, कर्माचा बाह्य परिणाम नव्हे तर कर्त्याची बुद्धी ही नीतीची खरी कसोटी, हा त्या ग्रंथाचा एक मुख्य सिद्धान्त आहे. मी या सिद्धान्तावर वाढलो आहे. परंतु कालियायेवसमोर उभा राहिलो की तो मला अपुरा वाटू लागतो, कारण कालियायेवची बुद्धी माणसाला शक्य तितकी शुद्ध होती: त्याला लोभ नव्हता, द्वेषही जवळजवळ नव्हता, आणि फळ भोगावयाला तो स्वतः उरणार नव्हता. बुद्धीच्या शुद्धीने कर्त्याच्या आत्म्याचा निवाडा होईल. गाडीवानाचा निवाडा तिने होत नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर शुद्ध बुद्धीने फेकलेला बाँब आणि मलिन बुद्धीने फेकलेला बाँब यांत काही अंतर उरत नाही.

ही गोष्ट धार्मिक माणसालाच कळते असे मात्र कोणी समजू नये. अलेक्सांद्र हर्झेन हा ईश्वर न मानणारा, आणि रशियन समाजवादाचा आद्य प्रवर्तक. त्याने 1850 च्या सुमारासच ‘पैलतीरावरून’ या पुस्तकात विचारले होते की प्रगती हेच जर ध्येय, तर आज राबणाऱ्या पिढ्यांनी कोणासाठी मरावयाचे; पुढे कोणीतरी वर नाचावे म्हणून आपण खालचे खांब होऊन राहावयाचे काय? अनंत दूरचे ध्येय हे ध्येय नसून सापळा आहे, असे त्याचे म्हणणे. हर्झेनचे हे पुस्तक रशियन क्रांतिकारकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना माहीत होते.

तरी हर्झेनचा इशारा मानला गेला नाही, आणि कालियायेव व 1917 च्या क्रांतीनंतरचे सत्ताधारी यांच्यात एक मूलभूत अंतर पडले. तो जीव घेताना आपला जीव तारण ठेवत असे. यांनी तारण काढून घेतले आणि घेण्याचा अधिकार तेवढा शिल्लक ठेवला. ग्रँड ड्यूक पडले त्या जागी क्रेमलिनमध्ये एक क्रूस उभारला होता आणि त्याच्यावर, मारणाऱ्यांना क्षमा कर, ही ख्रिस्ताची क्रूसावरची प्रार्थना कोरली होती. 1 मे 1918 रोजी तो दोरखंड लावून पाडण्यात आला, आणि दोर ओढणाऱ्यांत स्वतः लेनिन होता, असे क्रेमलिनचा तेव्हाचा कमांडंट मालकोव्ह याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर अडीच महिन्यांनी, उरल प्रांतातल्या अलापायेव्हस्क गावाजवळ, एलिझाबेथला, एका जोगिणीला आणि राजघराण्यातल्या काही जणांना रात्री एका जुन्या खाणीच्या विवरात लोटून देण्यात आले. खटला नाही, आरोप नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दागदागिने विकून तिने मॉस्कोत गरिबांसाठी मठ आणि इस्पितळ चालवले होते. जी स्त्री मुलांसह गाडीत दिसली म्हणून 1905 साली एका क्रांतिकारकाचा हात खाली आला, तीच स्त्री तेरा वर्षांनी क्रांतीच्या हातून मेली. या तेरा वर्षांत त्या हाताला काय झाले याचा विचार मला रशियाच्या सर्व लढायांच्या इतिहासापेक्षा महत्त्वाचा वाटतो. 1920 साली तरुण कम्युनिस्टांपुढे बोलताना लेनिनने त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले: आमची नीती ही कामगारवर्गाच्या लढ्याच्या हितसंबंधांना सर्वस्वी अधीन आहे. त्या हिताचा अर्थ लावण्याचे काम मग एका पक्षाकडे, पक्षातून एका समितीकडे आणि शेवटी एका माणसाकडे आले.

यानंतरचा हिशेब आकड्यांनी सांगता येतो, आणि तो सांगताना हात थरथरतो. 7 ऑगस्ट 1932 च्या फर्मानाने सामुदायिक मालमत्तेच्या चोरीला, मग ती कापणीनंतर शेतात पडलेली मूठभर कणसे का असेनात, गोळी घालण्याची, आणि सौम्य कारणे असतील तर दहा वर्षांहून कमी नाही अशा कैदेची व जप्तीची शिक्षा ठरली. धान्याची वसुली चालू राहिली, परदेशी निर्यातही बंद झाली नाही. 1933 च्या जानेवारीत युक्रेन आणि कुबानच्या शेतकऱ्यांना आपला प्रांत सोडून अन्नाच्या शोधात जाण्याचीही मनाई झाली. युक्रेन, कुबान, व्होल्गाकाठ, कझाकस्तान येथे त्या दुष्काळात किमान पन्नास लाख माणसे मेली. हे सारे उद्याच्या कारखान्यांसाठी, उद्याच्या भाकरीसाठी. आजोबांनी झारच्या हप्त्यांत जे फेडले होते तेच नातवांनी पुन्हा फेडले, फक्त या वेळी वसुली धान्याबरोबर जीवाचीही होती.

आणि जे वसूल करणारे होते त्यांनाही शेवटी प्रार्थनेसाठी भविष्याच्याच दारात उभे राहावे लागले. क्रांतीचा एक प्रमुख शिल्पकार निकोलाय बुखारिन याने 1937 साली अटकेची चाहूल लागताच भावी पिढीच्या पक्षनेत्यांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि कागद सापडू नये म्हणून आपल्या तरुण पत्नीकडून, आना लारिनाकडून, ते शब्दशः पाठ करून घेतले. पुढच्या मार्चमध्ये त्याला गोळी घालण्यात आली. ती जवळजवळ वीस वर्षे तुरुंगात, छावण्यांत आणि हद्दपारीत राहिली आणि एखादे स्तोत्र म्हणावे तसे ते पत्र मनाशी म्हणत राहिली. अर्धशतकानंतर ते सोव्हिएत देशात छापून आले. ज्याने आयुष्यभर वर्तमान भविष्याच्या पायाशी वाहिले त्याने मरताना भविष्याकडेच न्याय मागावा, हे मी कठोरपणे लिहीत नाही. त्याला दुसरा देव राहिला नव्हता, आणि त्या देवाने पन्नास वर्षे ऐकले नाही.

यावर माझे अनेक मित्र म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकतो, की क्रांतीने काहीच दिले नाही काय? 1897 च्या शिरगणतीत त्या साम्राज्यातल्या शंभरांपैकी सुमारे एकवीस जणांनाच वाचता येत होते. पुढच्या दोन पिढ्यांत शेतकऱ्यांची मुले इंजिनियर झाली, हिटलरचे सैन्य स्टालिनग्राडला अडले, माणूस अंतराळात गेला. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईच्या चाळींतून स्टालिनग्राडचा पोवाडा गायला आणि 1961 साली रशिया पाहून ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जी गोष्ट होती ती खोटी नव्हती: जातीने आणि दारिद्र्याने चिरडलेल्या माणसाला जेथे माणूस म्हणून मान मिळतो असा देश जगात कोठेतरी आहे, ही ती गोष्ट. अण्णा भाऊंच्या त्या श्रद्धेला कमी लेखणारा माणूस मला कोता वाटतो. परंतु जे मिळाले ते मिळवण्यासाठी जे खर्ची पडले त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न लाभाचा आकडा कितीही मोठा केला तरी मिटत नाही. इव्हान कारामाझोव्हने तो ईश्वराला विचारला तेव्हा आपण सगळे त्याच्या बाजूचे होतो. स्वतःचा जीव ध्येयासाठी देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि तो देणारे हुतात्मे वंद्य आहेत. दुसऱ्याचा जीव देण्याचा अधिकार कोणालाही नाही, ईश्वराला नाही, इतिहासाला नाही, पक्षाला नाही, आणि शुद्ध बुद्धीच्या कालियायेवलाही नाही. माझा निर्णय हा आहे, आणि तो देताना त्या चौकात खाली आलेल्या हाताविषयीचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

सोव्हिएत अमदानीत मॉस्कोतल्या एका मोठ्या रस्त्याला कालियायेवचे नाव दिले होते. राजवट गेली तसे ते बदलले. ग्रँड ड्यूकांचा क्रूस 2017 साली क्रेमलिनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत पुन्हा उभारण्यात आला. गाडीवानाचे नाव आंद्रेई रुदिन्किन होते.